धुळीचे आकडे शिकताना

आमचं वावर वणी तालुक्यात, कोळशाच्या रस्त्याला लागून. बोंडं फुटली की चार दिवसांत कापूस करडा पडतो आणि व्यापारी भाव पाडून मागतो. म्हणून एम.एस्सी.ला संख्याशास्त्रात प्रकल्प करायची वेळ आली, तेव्हा मी चंद्रपूरच्या हवेतल्या धुळीचे, म्हणजे पीएम 10 चे (10 मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचे), रोजचे आकडे घेतले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात, आणि विश्लेषणासाठी आर हे सॉफ्टवेअरही फुकटच. या वाटेनं येणाऱ्यांसाठी मी कुठे अडखळले ते सांगते.

सवयीनं मी आधी नॉर्मल वक्र, म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखा उतरणारा घंटेसारखा वक्र, बसवला. समजा, सरासरी 80 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा, 60. नॉर्मलच्या हिशेबात शंभरातले नऊ दिवस धूळ शून्याच्याही खाली जाते. ही चूक लगेच डोळ्यात येते. मोठी चूक दुसऱ्या टोकाला असते. 300 च्या वरचा दिवस नॉर्मलनुसार वीस-बावीस वर्षांतून एखादा. तीच सरासरी आणि तेच विचलन धरून लॉगनॉर्मल (आकड्यांचा लॉग घेतला की नॉर्मल होणारा, उजवीकडे लांब पसरलेला वक्र) घेतलं, तर असे दिवस वर्षाला जवळपास चार. दम्याच्या माणसाला दवाखान्यात नेणारे दिवस हेच. आपली 2009 ची मानकंही पीएम 10 ची 24 तासांची 100 ही मर्यादा वर्षातला 98 टक्के वेळ पाळली जावी असं म्हणतात. तेव्हा वक्राच्या शेपटीकडे, म्हणजे टोकाच्या मोठ्या आकड्यांकडे, आधी बघा, सरासरीकडे नंतर.

लॉगनॉर्मल का बसतं, हे मला आमच्या मॅडमनी ताकावरून समजावलं. पाहुणे वाढत गेले की ताकात पुन्हा पुन्हा पाणी पडतं, दर वेळी ते काही पटीनं पातळ होतं. धुळीचंही वाऱ्यात तसंच होतं. गुणाकारांचा लॉग घेतला की बेरीज होते, आणि बेरजा नॉर्मलकडे झुकतात. तरी डोळे मिटून विश्वास ठेवू नका. गॅमा आणि वायबुल हे दुसरे वक्रही बसवून बघा, क्यू-क्यू आलेखाचं (खरे आकडे आणि वक्रानं सांगितलेले आकडे समोरासमोर मांडणाऱ्या आलेखाचं) वरचं टोक तपासा.

रिकाम्या ओळींनी मला सगळ्यात जास्त फसवलं. यंत्र बंद पडलं की नोंद नाही. माझ्या फाईलमध्ये त्या ओळी बऱ्याचशा थंडीतल्या होत्या. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, धूळ वर जात नाही, आकडे चढतात. मी तिथे वर्षाची सरासरी भरली आणि डिसेंबर कागदावर स्वच्छ करून टाकला. दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. ऋतू वेगळे करा. आजची धूळ कालच्या धुळीला धरून असते, त्यामुळे 365 नोंदी म्हणजे 365 स्वतंत्र नोंदी नव्हेत, हेही लक्षात ठेवा.

प्रकल्प बाबांना दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, यात आपलं वावर कुठं आहे?" नव्हतंच. शहरातल्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा वक्र आमच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, धुळीला लागू होत नाही. रस्त्याची जाड धूळ जवळच बसते. वावरात लावायचा म्हटलं तर स्वस्त सेन्सर, म्हणजे धूळ मोजायचं छोटं यंत्र, ती नीट मोजत नाही आणि दमट हवेत आकडा फुगवतो. म्हणून तो आधी महिनाभर केंद्राशेजारी ठेवून जुळवून घेणार आहे, आणि वेचणीच्या आत धुऱ्यावर लावणार आहे.