पोकरच्या टेबलावर झेन सजगतेचा सराव कसा करावा

पोकर शिकणारा माणूस बहुधा आधी गणित शिकतो आणि ते योग्यच आहे. मात्र शक्यतांचे हिशेब तोंडपाठ असलेला खेळाडूसुद्धा एखाद्या रागाच्या क्षणी सगळ्या चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) पुढे सरकवतो आणि नंतर विचारल्यास ‘मला आतून वाटले’ असे सांगतो. हे आतून वाटणे कधी अनुभवातून आलेली खरी ओळख असते, तर कधी भीती, हाव किंवा हरलेले परत मिळवण्याची घाई असते, आणि त्या क्षणी दोन्ही मनाला जवळपास सारखीच भासतात. त्यांतला फरक ओळखता येणे हा झेन सरावाचा पोकरमधला सर्वांत मोठा उपयोग आहे, असे माझे ठाम मत आहे. पुढील विवेचन टेक्सस होल्डेम (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, आणि टेबलावर सर्वांसाठी टप्प्याटप्प्याने उघडणारे पाच) हा प्रकार समोर ठेवून केले आहे.

‘झेन’ हे ‘ध्यान’ या शब्दाचेच दूरवर गेलेले रूप आहे; ‘ध्यान’चे चिनी भाषेत ‘चान’ झाले आणि जपानीत ‘झेन’. या परंपरेतील बैठकीला झाझेन म्हणतात. खेळायला बसण्यापूर्वी दहा ते पंधरा मिनिटे पाठीचा कणा ताठ ठेवून बसावे, डोळे अर्धवट उघडे ठेवून नजर समोरच्या जमिनीवर सैल सोडावी आणि बाहेर जाणारा प्रत्येक श्वास मनात मोजावा. दहापर्यंत पोहोचल्यावर पुन्हा एकापासून सुरुवात करावी, आणि मध्येच मोजणी चुकली तरीही एकावरच परत यावे. चुकल्याबद्दल स्वतःवर चिडू नये, कारण मन भरकटल्याचे लक्षात येणे आणि परत येणे हाच व्यायाम आहे. डोळे उघडे ठेवण्याचा आग्रह पोकर खेळणाऱ्याला विशेष उपयोगी पडतो: जग दिसत असताना शांत राहण्याची सवय लागली की ती टेबलावर सोबत येते, डोळे मिटून साधलेली शांतता तितक्या सहज येत नाही.

टेबलावर याच सरावाचे छोटे रूप वापरावे. प्रत्येक निर्णयापूर्वी, तो कितीही सोपा असला तरी, एक पूर्ण श्वास घ्यावा व सोडावा आणि मगच फोल्ड (पत्ते सोडणे), कॉल (समोरच्याइतकी बोली भरणे) किंवा रेझ (बोली वाढवणे) करावे. यात दुहेरी लाभ आहे. पहिला असा की, सवयीने होणारी कृती आणि विचाराने होणारी कृती यांच्यात थोडी जागा तयार होते. आणि दुसरा असा की, चांगले पत्ते असोत वा वाईट, तुम्हाला लागणारा वेळ जवळपास सारखाच राहिल्यामुळे प्रतिस्पर्ध्याला तुमच्या घाईवरून किंवा विलंबावरून काहीही वाचता येत नाही.

टिल्ट, म्हणजे भावनेच्या भरात तोल सुटून खेळणे, ही या खेळातील सर्वांत महागडी चूक आहे. हातात दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा असते. ते आले, समोरच्याकडे दोन राजे निघाले आणि फ्लॉपपूर्वीच (म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडण्यापूर्वीच) सर्व चिप्स पॉटमध्ये, म्हणजे डावात जमणाऱ्या रकमेत, गेल्या, तर एक्के सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतात; याचा अर्थ पाच-सहा वेळांतून एकदा ते हरणारच, आणि त्या वेळी तुमच्या हातून काहीही चुकलेले नसते. हे सर्वांना कळते, तरी अशा पराभवानंतरच्या पुढच्या दहा डावांत बहुतेकांचे भान सुटते. झेन गुरू ताकुआन सोहो (१५७३–१६४५) यांनी तलवारबाज याग्यू मुनेनोरी यांना लिहिलेल्या पत्रात बजावले होते की, प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीवर मन थांबले की माणूस तेथेच अडकतो. पोकरमध्ये मन गेलेल्या पॉटवर थांबते. ते थांबले आहे हे विचारांपेक्षा शरीरावरून लवकर ओळखता येते: जबडा आवळला जातो, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, हात चिप्सकडे नेहमीपेक्षा लवकर जातो. अशी खूण दिसताच पुढचा डाव पत्ते न पाहताच सोडावा, तीन श्वास मोजावेत आणि तरीही खूण टिकून असेल तर टेबल सोडून थोडा वेळ बाहेर जावे. एका बैठकीत जास्तीत जास्त किती हरायचे हा आकडा खेळ सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहिलेला असावा, कारण तोल सुटलेल्या मनाला तो आकडा ठरवू देणे धोक्याचे आहे.

आता अंतःप्रज्ञेकडे, म्हणजे त्या ‘आतून वाटण्या’कडे वळू. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काह्नमन आणि गॅरी क्लाइन यांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलेल्या निबंधात अंतःप्रज्ञेवर विश्वास ठेवण्यासाठी दोन अटी मांडल्या: क्षेत्रात पुरेशी नियमितता असावी, आणि ती शिकण्याची संधी स्पष्ट प्रतिसादासह वारंवार मिळावी. पोकर दुसऱ्या अटीवर लंगडा पडतो. योग्य निर्णय हरवतो, चुकीचा जिंकवतो, आणि प्रतिस्पर्ध्याने फोल्ड केले तर त्याचे पत्ते कधी दिसतच नाहीत. म्हणून हा प्रतिसाद खेळाडूने स्वतः गोळा करावा लागतो, आणि त्यासाठी सर्वांत उत्तम काळ म्हणजे आपण पत्ते सोडल्यानंतरचा. जपानी युद्धकलांमध्ये ‘झानशिन’ म्हणजे कृती संपल्यानंतरही टिकणारे अवधान. नऊ जणांच्या टेबलावर जपून खेळणारा माणूस बहुसंख्य डाव सुरुवातीलाच सोडतो, आणि त्या वेळात बहुतेक जण फोनकडे पाहतात. त्याऐवजी डावात उरलेल्यांपैकी एकाची निवड करावी, त्याच्या बोलीचा आकार, घेतलेला वेळ आणि टर्नचा (टेबलावरचा चौथा) पत्ता पडताना त्याची नजर कोठे गेली हे पाहावे आणि त्याच्याकडे काय असेल याचा मनाशी अंदाज बांधावा. पत्ते उघडले गेले की अंदाज ताडून पाहावा. स्वतःची चिप पणाला नसल्यामुळे येथे हाव आणि भीती गढूळपणा आणत नाहीत, आणि ओळख शुद्ध स्वरूपात घडते.

स्वतःच्या डावात आतून अशी काही भावना उठली की दोन प्रश्न विचारावेत. ती काही पाहिल्यानंतर उठली की आधीपासूनच होती? आणि ती कशामुळे उठली हे निदान एका गोष्टीपुरते सांगता येते का? ‘हा नेहमी पॉटच्या अर्ध्याने बोली लावतो, आज पूर्ण पॉटने लावली’ असे उत्तर आले तर ती ऐकण्यासारखी आहे. ‘आता तरी माझी पाळी आली पाहिजे’ असे उत्तर आले तर ती भावना पत्त्यांविषयी काहीच सांगत नाही.

ऐकण्यासारखी भावनाही गणिताच्या जागी येऊ शकत नाही. समजा टर्नवर पॉटमध्ये १०० चिप्स आहेत, समोरच्याने १०० ची बोली लावली आहे आणि तुम्हाला फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) पूर्ण करण्यासाठी एक बदाम हवा आहे. १०० देऊन ३०० चा पॉट मिळवायचा असल्याने कॉल परवडण्यासाठी सुमारे ३३ टक्के शक्यता लागते, पण न दिसलेल्या ४६ पत्त्यांत बदाम ९ म्हणजे २० टक्क्यांहून किंचित कमी. फ्लश लागल्यावर रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या पत्त्यावर) आणखी बऱ्याच चिप्स मिळण्याची खात्री नसेल, तर बदाम येणार असे कितीही तीव्रतेने वाटले तरी पत्ते सोडावेत. पिसलेल्या गड्डीविषयी कोणालाही अंतःप्रज्ञा नसते. याउलट रिव्हरवर पॉट १०० आणि बोली ५० असेल, तर २५ टक्के वेळा समोरचा ब्लफ करत (कमकुवत पत्त्यांवर बोली लावून घाबरवत) असला तरी कॉल बरोबरीत सुटतो. तुमचा अंदाज २० आणि ३० टक्क्यांच्या मध्ये घुटमळत असेल, तर माणसाविषयीची ती सूक्ष्म जाणीव निर्णय करू शकते, आणि तेथे तिला खुशाल करू द्यावा.

बैठक संपल्यावर अशा प्रत्येक प्रसंगाची एका वहीत नोंद करावी: काय जाणवले, कशामुळे, दहापैकी किती खात्री होती, आणि पत्ते दिसले असल्यास काय निघाले. खात्रीचा आकडा पत्ते उघडण्यापूर्वी मनाशी ठरवलेला असावा, नाहीतर स्मृती तो निकालानुसार बदलून टाकते. पन्नासेक नोंदी झाल्यावर वही पुन्हा वाचावी, आणि ज्या प्रकारच्या प्रसंगांत आठ-नऊची खात्री वारंवार खोटी ठरली आहे, त्या प्रसंगांत पुढचा महिनाभर केवळ हिशेबाने खेळावे.