पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, तरी कपडे बिघडतात? धुणं लावताना या चुका टाळा

पांढरे कपडे एकीकडे, रंगीत एकीकडे, एवढं बहुतेक घरांत पाळलं जातं. तरीही गंज्या करड्या पडतात, काळ्या लेगिंग्जवर टॉवेलची लव चिकटते आणि पावसाळ्यात धुतलेल्या कपड्यांनाही कुबट वास येतो. कपडा किती जड आहे, किती मळलाय, कोरडा आहे की ओला, आणि धुण्याच्या पाण्यात कितवा पडणार, हे कुणी बघत नाही. यातली शेवटची गोष्ट सेमी-ऑटोमॅटिक मशीन आणि बादलीवर चालणाऱ्या घरांत सगळ्यात जास्त नडते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

क्रम चुकणं

फुल्ली ऑटोमॅटिक मशीन दर वेळी नवं पाणी घेतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये साबणाच्या एकाच पाण्यातून दोन-तीन वेळा कपडे काढले जातात, आणि पाणी दिवसाआड येणाऱ्या गावात ते बरोबरच आहे. मग क्रम असा हवा: आधी पांढरे आणि कमी मळलेले, मग फिके रंग, मग गडद, आणि सगळ्यात शेवटी जीन्स, पायपुसणी, ओट्याची फडकी.

गंमत अशी, की पांढरा शर्ट कॉलरला जास्त मळलेला दिसतो म्हणून अनेक जण तोच मागे ठेवतात. कॉलरचा मळ मुख्यतः अंगाच्या तेलाचा असतो. भांड्यांच्या लिक्विडचा थेंब लावून ब्रशनं हलकं घासा आणि शर्ट पहिल्याच पाण्यात टाका. मुलांच्या गणवेशाचा चिखलही आधी नळाखाली काढून घ्या.

पांढरे कपडे हळूहळू करडे पडतात तेव्हा दोष रंगीत कपड्यांना दिला जातो. बऱ्याचदा त्यांचा काही संबंध नसतो. कपड्यातून सुटलेला मळ पाण्यात तरंगत ठेवणं हेही पावडरचं काम असतं. तिसऱ्या वेळेपर्यंत तिची ताकद संपते आणि तोच मळ परत कापडावर बसतो. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पावडरचा काही भाग आधीच खाऊन टाकतं. त्यामुळे दुसऱ्यांदा कपडे टाकताना थोडी पावडर वाढवा, आणि पाणी गढूळ दिसलं की मोह न धरता सोडून द्या. नीळ घातल्यानं पिवळटपणा डोळ्यांना कमी दिसतो, मळ जागचा हलत नाही.

रंग जातो की नाही, हे न बघताच धरून चालणं

नवा कपडा असेल तर आतली शिवण ओली करा, त्यावर पांढरं सुती फडकं ठेवून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उतरला तर पहिले काही धुणे तो कपडा एकटाच धुवायचा. सुती कपड्यांचे आजचे बरेचसे रंग धाग्याशी पक्के जोडले जातात, पण न जोडला गेलेला जादा रंग कापडात उरतो आणि तो सुरुवातीच्या धुण्यांत निघतो. जीन्सची गोष्ट वेगळी आहे. तिचा इंडिगो रंग धाग्यावर नुसता बसलेला असतो, म्हणून तो वर्षानुवर्षं थोडा-थोडा सुटतच राहतो. जीन्स कितीही जुनी झाली तरी तिची जागा गडद ढिगातच.

मीठ किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, असं घरोघरी सांगतात. मिठाचा उपयोग सुती कापड रंगवताना होतो, तुरटीचा नैसर्गिक रंग देण्याआधी. रंगवून, शिवून घरी आलेल्या कुर्त्यातला सुटा रंग त्यानं बांधला जाईल, हा भरवसा नको. तो रंग थंड पाण्यात धुऊन काढून टाकणं हाच उपाय.

खरा घात भिजवण्यात होतो. जो लाल टी-शर्ट अर्ध्या तासाच्या धुण्यात फिक्या कपड्यांबरोबर निभावून जातो, तोच रात्रभर बादलीत पडला तर बाकीच्यांना गुलाबी करून सोडतो. पांढऱ्या अंगाला गडद काठ असलेली सुती साडी, बांधणी, ठशांच्या छपाईचा कुर्ता हे भिजत घालूच नका. थंड पाण्यात पटकन धुवा, पिळून गोळा करून ठेवू नका, लगेच सावलीत पसरून वाळत घाला. एकाच कपड्यात दोन रंग असतील तर तो वेगळ्या ढिगात टाकून सुटका होत नाही, तिथे फक्त वेग कामाला येतो.

जड आणि हलकं एकत्र

गडद निळी जीन्स आणि गडद निळी शिफॉनची ओढणी रंगानं एका ढिगातल्या असतील, धुण्यानं नाहीत. जीन्सचं जाड कापड आणि चेन ओढणीला घासत राहते आणि मग धागे ओढले जातात, गोळे येतात. चेन आणि हूक लावून घ्या, ओढण्या आणि अंतर्वस्त्रं जाळीच्या पिशवीत टाका. टर्किश टॉवेल लव सोडतात आणि काळे सिंथेटिक कपडे ती नेमकी धरून ठेवतात, म्हणून टॉवेल, चादरी, अभ्रे यांचा घाणा वेगळाच काढावा.

मशीनवर लिहिलेले ७ किलो हे कोरड्या कपड्यांचं वजन असतं. ड्रम तीन-चतुर्थांश भरला की थांबा. उलट एकटंच जाड पायपुसणं टाकलं तर पिळताना वजन एका बाजूला जाऊन मशीन धडधडतं, त्याच्या जोडीला दोन जुने टॉवेल टाका.

रेनकोट आणि गादीचं वॉटरप्रूफ कव्हर मात्र मशीनमध्ये फिरवूच नका. त्यात अडकलेलं पाणी पिळताना बाहेर पडत नाही, तोल जातो आणि मशीन मोडण्याची पाळी येते. रेनकोट ओल्या फडक्यानं पुसून टांगला तरी पुरतो.

ओलं कोरड्यात टाकणं

पावसात भिजून आलेली पँट, जिमचा टी-शर्ट, अंघोळीचा टॉवेल, सगळं एकाच झाकणाच्या बास्केटमध्ये. जुलैत कोकणात किंवा मुंबईत असं दोन दिवस राहिलं की बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते धुऊन सहज जात नाहीत. शिवाय ओल्या ढिगात रंग न धुताच एकमेकांना लागतात. ओलं आधी दोरीवर, मग बास्केटमध्ये.

डाग आणि लेबल

डागांचे कपडे ढिगात हरवू देऊ नका, बाजूला काढा. रक्त, दूध, अंड्याचे डाग थंड पाण्यात. गरम पाण्यानं ते पक्के बसतात. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, घाबरायचं कारण नाही: हळदीचा रंग साबणाच्या क्षारानं बदलतो. धुऊन कडक उन्हात टाका, ऊन त्याला फिका करतं.

लेबलवर टबाच्या चित्रातला आकडा म्हणजे पाण्याचं जास्तीत जास्त तापमान, त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, गोल म्हणजे ड्रायक्लीन. पैठणीला लेबल नसलं तरी ती या कुठल्याच ढिगात येत नाही.

दोघांचं घर असेल तर इतके ढीग कधी भरायचे? मग जोडा. पुष्कळ वेळा धुतलेले फिके कपडे पांढऱ्यांबरोबर चालतात, टॉवेल आणि चादरी एकत्र चालतात. ओट्याची फडकी आणि अंतर्वस्त्रं मात्र कधीच एकत्र नाहीत, पाणी कितीही कमी असो.

एवढं करूनही रंग लागलाच तर

कपडा वाळू देऊ नका आणि इस्त्री तर मुळीच नको, उष्णतेनं रंग बसतो. ज्याचा रंग गेला तो कपडा बाजूला काढा आणि ज्याला लागला तो ओला असतानाच पावडर घालून पुन्हा धुवा. तरीही छटा उरली तर पांढऱ्या आणि पक्क्या रंगाच्या सुती कपड्यांसाठी ऑक्सिजन ब्लीचची पावडर मिळते. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरतं भिजवा. क्लोरीनचं ब्लीच फक्त पांढऱ्या सुती कपड्यांना, तेही पाण्यात मिसळून. त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. रेशीम आणि लोकर यांना क्लोरीन खातं, त्यांच्यावर घरी प्रयोग नकोत. ड्रायक्लीनवाल्याकडे देताना रंग कुठल्या कपड्याचा लागला आणि आतापर्यंत काय-काय लावून बघितलं, ते सांगा.