अंगणवाडीचं पाकीट बाळाच्याच पोटात जावं म्हणून काय काय करायचं

आधी एक आकडा सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली, त्यात महाराष्ट्रातली ६ महिने ते ५ वर्षांची ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक (रक्तात हिमोग्लोबिन कमी) निघाली, म्हणजे तीनातली दोन. हे फक्त मेळघाटात होतं असं पुण्यात बसून वाटतं पण तसं नाहीये. इथल्या वस्त्यांमध्ये, हिंजवडी-वाघोलीकडच्या बांधकामाच्या साइटवर, आणि चांगल्या सोसायट्यांमध्येसुद्धा अशी मुलं आहेत, पोट भरलेलं दिसतं पण चेहरा फिका, सारखी सर्दी, चिडचिड, काही काही तर माती नाहीतर भिंतीचा चुना खातात. माती खाणारं मूल दिसलं की मारू नका हो, रक्त तपासून घ्या, बरेचदा त्यामागे लोह कमी असतं.

आता यासाठी सरकारी आहार आहे, तो फुकट आहे आणि हक्काचा आहे, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातच लिहिलंय. ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलाला घरी न्यायचं तयार पिठाचं पाकीट म्हणजे टीएचआर (टेक होम रेशन), ३ ते ६ वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत बसून गरम जेवण, आणि गरोदर बाई आणि बाळ ६ महिन्यांचं होईपर्यंत आईलाही पाकीट. रेशन कार्ड केशरी की पिवळं हे इथे बघत नाहीत, भाड्याने राहता की स्वतःचं घर तेही नाही. ज्यांच्या घरी कामाला ताई येतात, सोसायटीत वॉचमन दादा आहेत, त्यांनी एकदा विचारा तरी की तुमच्या बाळाचं नाव अंगणवाडीत आहे का. बऱ्याच जणांना आपण दुसऱ्या जिल्ह्यातले म्हणून मिळणार नाही असंच वाटत असतं.

नाव कसं घालायचं तर जवळच्या अंगणवाडीत जायचं, सकाळीच जा, दुपारनंतर सेविका गृहभेटीला नाहीतर मीटिंगला गेलेल्या असतात. बाळाचं आधार नसेल तर अडत नाही, आईच्या आधारवर नोंद होते. जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड बरोबर ठेवा. १ जुलै २०२५ पासून पाकीट घेताना अंगणवाडीच्या नोंदींच्या पोषण ट्रॅकर ॲपवर चेहरा जुळवायला लागतो आणि त्याच्या आधी केवायसी म्हणजे आधारवरून ओळख पटवणं होतं, त्यात ओटीपी येतो, आणि इथेच खूप जणींचं अडतं कारण आधारला नंबर नवऱ्याचा लावलेला असतो आणि तो बिचारा साइटवर असतो फोन न उचलता. म्हणून जायच्या आधी घरात विचारून घ्या की आधारला कुठला नंबर आहे, तो बंद पडला असेल तर आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या, आणि सेविकेशी भांडू नका, ॲप तिने बनवलेलं नाही. तिच्याकडून काम होत नसेल तर वर पर्यवेक्षिका असते, तिच्या वर बाल विकास प्रकल्प अधिकारी, तिथे साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या.

पाकीट हातात आलं की सेविकेला एकच प्रश्न विचारायचा, हे किती दिवसांचं आहे? हे फार महत्त्वाचं आहे. २०१३ च्या कायद्यातल्या मूळ नियमाप्रमाणे मुलाला यातून रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, तीव्र कुपोषित मुलाला ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम, आणि हे वर्षातले ३०० दिवस. हा हिशोब एका बाळाचा आहे. पण होतं काय, पाकीट घरी गेलं की मोठ्या ताईला पण थोडं, दादाला पण थोडं, पाहुणे आले तर त्याचाच शिरा, आणि महिन्याचं पाकीट आठवड्यात संपतं, मग आई म्हणते आम्ही तर पाकीट खाऊ घातलं तरी वजन वाढत नाही. मला आईला दोष द्यायचा नाहीये, घरात चार मुलं असताना एकालाच वाटी देणं किती अवघड जातं ते मी बघितलंय. तरी एक करता येतं, पाकीट आणल्याबरोबर दिवसांचे भाग करा. स्वच्छ कोरड्या डब्यात ठेवा, बाळाची वाटी वेगळी ठेवा, आणि मोठ्या भावंडांची नावंसुद्धा अंगणवाडीत घाला म्हणजे त्यांना तिथे गरम जेवण मिळेल आणि धाकट्याच्या वाटीवर डोळा राहणार नाही. सासूबाईंना सुरुवातीलाच विश्वासात घ्या, वाटी भरणारं माणूस घरात तेच असतं.

शिजवताना सगळ्यात जास्त गडबड होते ती पातळ करण्यात. बाळाला गिळता यावं म्हणून पेल्यातून पिता येईल एवढं पातळ करतात, त्याने पोट पाण्यानेच भरतं. बाळाचं पोट लहान असतं, त्यात कमी जागेत जास्त ताकद जायला हवी. चमचा तिरका केला तरी खाली ओघळू नये एवढं घट्ट ठेवा. आधी थोड्या कोमट पाण्यात पीठ कालवून घ्या म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवा, वेळ किती ते पाकिटावर छापलेलं असतं ते वाचा. वरून चमचाभर तूप नाहीतर तेल घाला, शेंगदाण्याचं बारीक कूट घाला (अख्खे दाणे लहान बाळाला कधीच नको, श्वासनलिकेत अडकतात). बाळ त्याच त्याच चवीला कंटाळलं की त्याच पिठाचं धिरडं करा, वर्षाच्या पुढच्या मुलाला थालीपीठ द्या, वरणात कालवा. गोड मिक्स असेल तर वर आणखी साखर नको.

किती द्यायचं? ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दोन-तीन वेळा, दोन चमच्यांपासून सुरू करून अर्ध्या वाटीपर्यंत, ९ ते ११ महिन्यांत तीन-चार वेळा अर्धी वाटी, वर्षानंतर तीन-चार वेळा पाऊण ते एक वाटी आणि मध्ये एक-दोनदा केळं, उकडलेलं अंडं असं काहीतरी. ही वाटी म्हणजे पाव लिटर पाणी मावेल एवढी. अंगावरचं दूध दोन वर्षं चालूच ठेवा. आणि ६ महिन्यांच्या आत अंगावरच्या दुधाशिवाय काहीच नाही, पाणीसुद्धा नाही, पाकीट कितीही चांगलं असलं तरी.

पावसाळ्यात पीठ पटकन ओलं होतं, पोरकिडे होतात. खवट वास आला, गोळे झाले, तारीख उलटली तर ते बाळाला देऊ नका, पाकिटासकट अंगणवाडीत परत न्या आणि बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा.

तांदळाबद्दल पण सांगते कारण याची अफवा फार आहे. रेशनच्या आणि अंगणवाडीच्या तांदळात कधी काही दाणे वेगळे दिसतात, धुताना कधी वर तरंगतात, लगेच प्लास्टिकचा तांदूळ म्हणून व्हिडिओ फिरतो आणि बायका ते दाणे निवडून फेकतात. ते फोर्टिफाइड दाणे असतात, तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी १२ मिसळून पुन्हा दाण्याच्या आकारात काढलेले, साधारण शंभर दाण्यांमागे एक. ते फेकलं की ज्यासाठी तांदूळ आणला तेच गेलं. म्हणून निवडू नका, चोळून चोळून धुऊ नका, आणि भात वेळून पेज ओतून देऊ नका, ती पेज बाळालाच द्या. दुकानातून तेल, दूध, मीठ घेताना निळ्या रंगातलं प्लस एफ चिन्ह बघा, तेलात आणि दुधात त्याचा अर्थ ए आणि डी जीवनसत्त्व घातलंय. मात्र मुलाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे आजार असतील तर लोह घातलेलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि पाकिटाने सगळं होतं असं समजू नका. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाला लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली, आशाताई किंवा मनपाच्या दवाखान्यातून मिळतं, शी काळी होते त्याला घाबरायचं नाही. अ जीवनसत्त्वाचा डोस ९ महिन्याला गोवरच्या लसीबरोबर, दुसरा १६ ते १८ महिन्यांचं झाल्यावर, मग दर ६ महिन्यांनी ५ वर्षांपर्यंत, एकूण ९. वर्षाच्या पुढे जंताची गोळी. जुलाब झाले तर ओआरएस आणि झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी झिंक पूर्ण करा, खाणं बंद करू नका.

एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय, बाळाला चहा देऊ नका. चहा-खारी, चहा-बिस्किट, चहात बुडवलेली पोळी, पुण्यात घरोघरी चालतं आणि मूल गप्प बसतं म्हणून दिलं जातं. चहा अन्नातलं लोह अडवतो, पोटही मारतो, मग पाकिटाची वाटी तशीच राहते. त्याऐवजी जेवताना लिंबू पिळा, पेरूची फोड मऊ करून द्या, त्याने लोह जास्त अंगी लागतं. चॉकलेटच्या चवीच्या महागड्या पावडरीच्या डब्यांत बहुतेक साखरच असते, तेवढ्या पैशात महिनाभर अंडी येतात.

आता काळजीचा भाग. दर महिन्याला वजन करा आणि कार्डावरच्या रेषेवर ठिपका मांडून घ्या, दोन महिने रेषा आडवी राहिली तर वाट बघायची नाही. सेविकेकडे दंड मोजायची रंगीत पट्टी असते, ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा डावा दंड मधोमध मोजतात, १२.५ सेंटीमीटरच्या खाली पिवळा म्हणजे मध्यम कुपोषण, ११.५ च्या खाली लाल म्हणजे तीव्र. दोन्ही पायांवर सूज असेल, अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर पट्टी काहीही म्हणो, त्याच दिवशी हॉस्पिटल. असं मूल पाकिटावर घरी ठेवायचं नाही आणि जास्त खायला घालून लवकर सुधरवायलाही जायचं नाही, उपाशी शरीरावर एकदम भार पडला तर जीवावर बेततं. ससून, कमला नेहरू, औंधचं जिल्हा रुग्णालय, यातलं जवळचं गाठा, बालरोग विभागात पोषण पुनर्वसन केंद्राबद्दल विचारा. तिथे आईला बाळासोबत साधारण दोन आठवडे राहायला लागतं, आधी एफ-७५ नावाचं हलकं दूध देतात, मूल सावरलं की एफ-१००, आणि आईला जेवण आणि बुडालेल्या मजुरीचा भत्ता मिळतो, हे दाखल होतानाच विचारून घ्या. तीव्र कुपोषित असून आजारी नाही, भूकही चांगली आहे, अशा मुलाला अंगणवाडीतच चालणाऱ्या बाल विकास केंद्रातून जास्त ताकदीचा तयार आहार देतात. शेंगदाणा, दूध पावडर, तेल, साखर अशी पेस्ट असेल तर ती तशीच पाकिटातून द्यायची, शिजवायची नाही, पाण्यात कालवायची नाही, सोबत उकळून गार केलेलं पाणी पाजायचं. ते बाकीच्या भावंडांना अजिबात नाही, ते औषधच समजा.

गावी जाणार असाल, उसाला किंवा भट्टीवर, तर निघायच्या आधी अंगणवाडीत सांगा. नोंद ॲपवर दुसऱ्या अंगणवाडीत हलवता येते, तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच जा, आणि वजनाचं कार्ड सामानाच्या पोत्यात टाकू नका, आईच्या पिशवीत ठेवा.