शाळेतल्या बाईंना, सरांना टेक्नॉलॉजी शिकवायचीय? मग ट्रेनिंग राहू द्या, आधी एक घटक घ्या

शाळेत तुमच्यावर एकदा 'तंत्रस्नेही शिक्षक' असा शिक्का बसला की हे काम आपोआप तुमच्याकडे येतं, "अहो सर, त्या बाईंना जरा शिकवा ना टीव्ही लावायला." आणि आपण जातो, भराभर चार बटणं दाबून दाखवतो, बाई मान हलवतात, आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवर परत कापड. पंचवीस-तीस वर्षं नोकरी झालेल्या, वर्गावर जबरदस्त पकड असलेल्या शिक्षकांबरोबर काम करताना काय उपयोगी पडतं ते सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, त्यांना मोबाईल येत नाही असं समजू नका. त्या व्हॉट्सॲपवर नातवाचे फोटो पाठवतात, यूट्यूबवर कीर्तन ऐकतात, भाजीवाल्याला फोन पे करतात. भीती मशीनची नसतेच, भीती असते चाळीस पोरांसमोर अडकायची. ज्या बाईंचा शब्द वर्गात शेवटचा असतो त्यांना सातवीतला पोरगा म्हणणार "बाई, तिथं नाही, इकडं दाबायचं", हे त्यांना नको असतं आणि ते अगदी साहजिक आहे. दुसरं कारण म्हणजे गेली कित्येक वर्षं ऑनलाइन म्हणजे सरल, यूडायस ही शाळेची माहिती भरायची सरकारी पोर्टलं, पोषण आहाराची माहिती, लिंक भरा, फोटो पाठवा, तेही आजच्या आज. त्यामुळे शिकवायची सुरुवात कुठल्याही फॉर्मपासून करू नका, प्लीज. ते काम येत असेल तेव्हा तुम्ही भरून द्या, पण त्याला शिकवणं म्हणू नका.

सुरुवात एका प्रश्नाने करा: "बाई, कुठला घटक शिकवताना पोरांना कळतच नाही असं वाटतं?" याचं उत्तर प्रत्येक शिक्षकाकडे तयार असतं. भरती-ओहोटी म्हणतील, कारण मराठवाड्यातल्या पोराने समुद्रच बघितलेला नसतो. हृदयातून रक्त कसं फिरतं म्हणतील, फळ्यावर बाण काढून काढून दमलेल्या असतात. बस, तोच एक घटक घ्या, त्याचा दोन-तीन मिनिटांचा एकच व्हिडिओ, बाकी स्मार्ट बोर्ड, क्विझ, गुगल फॉर्म यातलं काही काढू नका.

व्हिडिओ शोधायला पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड सगळ्यात सोपा, कारण पुस्तक त्यांच्या रोजच्या हातातलं आहे. तो स्कॅन करायचा दीक्षा या शालेय अभ्यासाच्या सरकारी ॲपमध्ये. दीक्षा ॲप २०१७ पासून आहे, भाषा मराठी, बोर्ड महाराष्ट्र आणि इयत्ता एकदा निवडली की झालं. इथे बघा काय होतं, बाई फोन कोडच्या अगदी जवळ नेतात, चित्र अंधुक होतं आणि त्यांना वाटतं आपलंच चुकलं. फोन वीतभर वर धरायचा, पान सपाट करायचं, ट्यूबलाइटची चकाकी कोडवर पडू द्यायची नाही. तरी नाही झालं तर कोडखाली सहा अक्षरं छापलेली असतात ती ॲपमध्ये टाइप करा. सापडलेला व्हिडिओ घरीच डाउनलोड करून ठेवायचा म्हणजे शाळेत रेंज नसली तरी चालतो. आणि हे जरूर सांगा की पुस्तकात क्यूआर कोड आणायचं काम सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी केलं, ज्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. आपल्यासारख्याच शाळेतून आलेली गोष्ट आहे म्हटलं की ऐकणाऱ्याचा सूर बदलतो.

आता सगळ्यात अवघड नियम, आणि तो आपल्यासाठी आहे. फोन, रिमोट, माऊस त्यांच्याच हातात राहिला पाहिजे. आपल्याला राहवत नाही, "द्या इकडं, मी करतो" तोंडातून निघतंच, पण तिथेच शिकणं थांबतं. हात मागे बांधून उभं राहा आणि फक्त तोंडाने सांगा, "वर कोपऱ्यात तीन टिंब दिसतात का?" मग त्यांनी वेळ घेतला तर घेऊ द्या. पायऱ्या त्यांनी स्वतःच्या वहीत, स्वतःच्या शब्दांत लिहायच्या, तुमची छापील पीडीएफ कोणी उघडत नाही.

सराव शाळा सुटल्यावर, वर्ग रिकामा असताना, दार लावून. टीव्हीचं तीनच गोष्टींवर अडतं: स्वीच, सोर्स आणि आवाज. 'नो सिग्नल' आलं की बाई घाबरतात, तर मुद्दाम केबल काढा, 'नो सिग्नल' आणा आणि रिमोटवरचं सोर्स बटण त्यांना दाबायला लावा. आवाज टीव्हीऐवजी लॅपटॉपमधूनच येतोय, तेही मुद्दाम करून बघा. मग म्हणा, आता काहीही चुकीचं दाबा, आणि दोघांनी मिळून परत आणा. "काही बिघडत नाही हो" असं दहा वेळा सांगून जे होत नाही ते असं एकदा बिघडवून दुरुस्त केलं की होतं.

वर्गात पहिल्यांदा लावतील तेव्हा व्हिडिओ सलग चालवायचा नाही हे आधी ठरवा. पाणी मागे सरकलं, पॉज. "आता पुढं काय होईल रे?" इथे बाईंचा तीस वर्षांचा अनुभव कामाला येतो, असा प्रश्न तुमच्या-माझ्यापेक्षा त्या भारी विचारतात, आणि टीव्ही त्यांच्या हाताखाली आला असं त्यांना तिथेच वाटतं. लाइट गेली तर फळा आहेच, तीच आकृती खडूने काढून धडा पुढे न्यायचा, हे आधीच बोलून ठेवलं की अर्धं टेन्शन जातं. तुम्ही त्या तासाला वर्गात थांबायचं की नाही हे त्यांनाच विचारा. पोरांना मदतीला घ्यायचं का हेही त्यांनीच ठरवायचं, काही शिक्षकांना ते आवडतं, काहींना अजिबात नाही.

दुसरी गोष्ट शिकवायची असेल तर माझं मत व्हॉइस टायपिंग. मराठी टायपिंगचा कंटाळा सगळ्यांनाच आहे. जीबोर्डमध्ये, म्हणजे फोनवरच्या गुगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी भाषा टाका, माइक दाबा, बाई बोलतील आणि चाचणीचे प्रश्न टाइप होतील, जोडाक्षरं आणि विरामचिन्हं तेवढी नंतर तपासायची. यात त्यांचाच वेळ वाचतो म्हणून त्या दुसऱ्यांदा स्वतःहून वापरतात.

साठ जणांना हॉलमध्ये बसवून पीपीटी दाखवायची ट्रेनिंगं मला पटत नाहीत, मागच्या रांगेतल्यांचा हात फोनला लागतच नाही. त्यापेक्षा एकाला एक, अर्धा तास. आणि काही आठवड्यांनी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत तुम्ही बोलू नका, बाईंना त्यांचा भरती-ओहोटीचा पाठ सांगू द्या, ॲपचं नाव नाही घेतलं तरी चालेल. बाकीचे पन्नाशीतले शिक्षक त्यांचं ऐकतात आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांनाच जाऊन विचारतात. पहिलीला शब्दकार्डं आणि गाण्यांवर छान वाचायला शिकवणाऱ्या बाई "मला टीव्ही नको" म्हणाल्या तर आग्रह करू नका, त्यांची ती गाणी मात्र त्यांना विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, शेजारच्या वर्गाला लागतील.