द्रव लिथियमवर काम सुरू करताय? आधी जाळी भिजतेय का ते बघा

फ्यूजन अणुभट्टीत प्लाझ्माला, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूला, सामोरी जाणारी भिंत टंगस्टनची असली तर तिला तडे जातात, द्रव धातूचा पृष्ठभाग मात्र आपला आपण भरून येतो, हे तुम्ही वाचलेलं असणारच. लिथियम की टिन हा वादही गाइड पहिल्या काही आठवड्यांत ऐकवतील. लिथियमचा अणुक्रमांक 3, त्यामुळे प्लाझ्मात थोडं गेलं तरी चालतं. पण 450 अंशांच्या आसपास ते भसाभस उडायला लागतं, शिवाय हायड्रोजन धरून ठेवतं, म्हणजे ट्रिटियमचा (इंधनातल्या किरणोत्सारी हायड्रोजनचा) हिशेब बोंबलला. टिनची वाफ कमी, पण अणुक्रमांक 50; जरा आत शिरलं की प्लाझ्मा थंड. एवढ्यात कुणाची बाजू घेऊ नका.

माझी गाडी अडली ती भिजण्यापाशी, म्हणजे द्रव धातू जाळीला चिकटून पसरण्यापाशी, आणि त्याबद्दल मी जरा पाल्हाळ लावणार आहे.

उघडा धातू चुंबकीय क्षेत्रात ठेवला आणि त्यातून प्रवाह गेला, की त्यावर बल येतं. अमेरिकेतल्या डीआयआयआय-डी या टोकामॅकमध्ये (चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणाऱ्या वलयाकार यंत्रात) लिथियमचा छोटासा नमुना असाच प्लाझ्मात उडाला होता. म्हणून रशियन लोकांनी धातू बारीक छिद्रांच्या जाळीत धरायची युक्ती काढली. आधी त्यांच्या टी-11एमवर, मग इटलीत फ्रास्कातीच्या एफटीयूवर ती वापरली गेली. गणित सोपं आहे. पृष्ठताण 0.4 न्यूटन प्रति मीटर, छिद्राची त्रिज्या 30 मायक्रॉन, म्हणजे केशिका दाब (बारीक छिद्र द्रवाला ज्या दाबाने आत ओढतं तो) साधारण 27 किलोपास्कल, वातावरणाच्या दाबाच्या पाव. बघून हुरूप येतो.

पण या दाबाच्या सूत्रात स्पर्शकोनाचा, म्हणजे थेंबाची कडा पृष्ठभागाशी करते त्या कोनाचा, कोसाइनही आहे, आणि घाईत सगळे तो 1 धरतात. कोन 90 अंशांच्या वर गेला की कोसाइन ऋण होतो. मग तोच दाब धातूला आत ओढायचं सोडून बाहेर ढकलतो. लिथियम 180.5 अंशांना वितळतं, पण जाळीच्या स्टेनलेस स्टीलला ते साधारण 300 च्या वर गेल्याशिवाय भिजवत नाही. 250 ला जाळीवर चकचकीत गोल मणी दिसतो, आणि प्लेट तिरकी केली की अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळतो. वितळलंय ना, मग आत जाईलच, असं मी धरून चाललो होतो. मग आधी हीटरवर संशय, मग थर्मोकपलवर, मग पंपावर. दोष कशातच नव्हता.

दिलासा असा, की एकदा भिजलेली जाळी तापमान खाली आणलं तरी लिथियमला लगेच सोडत नाही. म्हणून भिजवण्याचं काम वेगळं उरका: चांगल्या निर्वातात जाळी आधी तापवून कोरडी करा, मग लिथियम घालून 400 पर्यंत न्या, थांबा, मण्याची कडा पसरून सपाट होताना डोळ्यांनी बघा. डोळ्यांनी म्हणजे डोळ्यांनीच, आलेखावर नाही.

‘नायट्रोजनच्या ग्लव्हबॉक्सवर (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीवर) भागव’ असं सांगणारा एखादा सीनियर भेटेलच. ऐकू नका. लिथियम नायट्रोजनही खातं, काळं पडतं, आणि तो थर भिजण्याच्या आड येतो. आर्गॉनच हवा. गॅलिन्स्टन (गॅलियम, इंडियम आणि टिनचा मिश्रधातू) वापर असं कुणी म्हटलं, तरी सावध राहा. खोलीच्या तापमानाला द्रव म्हणून नवख्यांच्या हातात देतात. प्रवाहाचे प्रयोग शिकायला झकास आहे, पण त्याची घनता लिथियमच्या बारापट आणि हवेत त्यावर ऑक्साइडची साय लगेच धरते. त्यावरचे आकडे लिथियमला चिकटवून प्रबंध लिहिणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी प्राध्यापकांपेक्षा निर्वात यंत्रणा सांभाळणाऱ्या टेक्निशियनच्या मागे लागा. कुठली सील गळते हे त्यांना पाठ असतं. मला वाटलं होतं ते हसतील. उलट त्यांनी चहा पाजला.

भीती वाटली तर वाटू द्या, लिथियमच्या बाबतीत ती कामाची आहे. पेटलेल्या लिथियमवर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. ग्रॅफाइटची कोरडी पावडर लागते. ती कुठल्या कपाटात आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, हे पहिला तुकडा कापायच्या आधी विचारून घ्या.