ग्रीनलंड शार्कचं वय सांगताना या चुका टाळा

‘५१२ वर्षांचा शार्क’ हा मथळा आकर्षक आहे, पण चुकीचा आहे. २०१६ साली संशोधक ज्युलियस नील्सन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत ग्रीनलंड शार्कच्या २८ माद्यांच्या वयाचे अंदाज मांडले. सर्वांत मोठी मादी ५०२ सेंटिमीटर लांब होती आणि तिचं वय निघालं ३९२ वर्षं, १२० वर्षं इकडे किंवा तिकडे. म्हणजे पल्ला २७२ ते ५१२. त्याचं वरचं टोक उचलून ते मोजलेलं वय म्हणून सांगू नका. मधला आकडा धरून ‘ही मादी शिवरायांच्या आधी जन्मली’ असंही ठामपणे म्हणता येत नाही. किमान २७२ मात्र बिनधास्त लिहा. कणा असलेल्या प्राण्यांत तेवढ्यावरही हाच मासा सर्वांत दीर्घायुषी ठरतो.

दुसरी चूक म्हणजे मणक्यातली वलयं शोधणं. बऱ्याच शार्कांचं वय तसं काढतात, पण याचे मणके मऊ असतात आणि त्यांत वलयं उमटत नाहीत. म्हणून डोळ्याचं भिंग वापरावं लागतं. भिंगाचा गाभा पिल्लू आईच्या पोटात असतानाच तयार होतो आणि त्यातली प्रथिनं पुढे बदलत नाहीत. इथे संपूर्ण भिंग तपासलं तर बाहेरचे नवे थर मिसळून वय कमी दिसतं. थर एकेक सोलून फक्त गाभा घ्यायचा.

त्यातल्या कार्बन-१४ चं (काळानुसार ठरावीक वेगाने घटणाऱ्या किरणोत्सर्गी कार्बनचं) वर्षांत रूपांतर करायला कोणत्या काळात तो किती होता हे दाखवणारा आलेख लागतो. तो हवेचा नव्हे, समुद्राचा लावा. समुद्राच्या पाण्यातला कार्बन सरासरी सुमारे ४०० वर्षं ‘जुना’ दिसतो. हवेचा आलेख लावला तर ती वर्षं फुकट वयात जमा होतात. एवढ्या काळजीनंतरही १२० वर्षांची ढिलाई का उरते? १९५० नंतरच्या अणुचाचण्यांनी वाढलेल्या कार्बन-१४ ची स्पष्ट खूण नमुन्यातल्या अगदी लहान शार्कांतच सापडली. त्याआधीच्या काही शतकांत समुद्री आलेख जवळजवळ सपाट आहे, म्हणून त्यावरून नेमकं वर्ष ओळखता येत नाही. मग कार्बन आणि लांबी यांची सांगड घालूनच अंदाज करावा लागतो.

पण नुसती लांबी भागून वय काढू नका. जन्मताना पिल्लू साधारण ४२ सेंटिमीटरचं असतं. प्रौढांची वाढ वर्षाला १ सेंटिमीटरहून कमी असते आणि हा वेग आयुष्यभर एकसारखा राहतो असं धरता येत नाही. ‘दीडशे वर्षांनी वयात येतो’ हेही अर्धवट वाक्य आहे. तो अंदाज (१५६ वर्षं, कमी-अधिक २२) माद्यांचा आहे, कारण त्या सुमारे ४ मीटर झाल्यावरच प्रजननक्षम होतात. नर ३ मीटरच्या आसपासच तयार होतात. जाळ्यात अपघाताने मेलेली साडेतीन मीटरची मादी म्हणूनच फार मोठं नुकसान आहे. तिने एकदाही पिल्लं दिलेली नसण्याचीच शक्यता जास्त.

डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर (कॉर्नियावर) लोंबणारा परजीवी पाहून याला सरसकट आंधळा ठरवू नका. त्या पडद्याला इजा होते हे खरं, पण इजा म्हणजे अंधत्व नव्हे.