गड्डा ते गुढीपाडवा: सोलापुरात सम सेमची आखणी

दिवाळीनंतरचे पेपर संपले की बहुतेक पोरं गावी जातात आणि पुढच्या परीक्षेला अजून खूप अवकाश आहे असं धरून चालतात. मी बी.एस्सी. सोलापूर शहरात केलं, एम.एस्सी. केगावला सोलापूर विद्यापीठात केलं, आणि दरवर्षी हेच पाहत आले. दुसरी, चौथी, सहावी, म्हणजे सम सेमिस्टर कागदावर लांबलचक दिसते. प्रत्यक्षात हातात येते ती संक्रांतीपासून गुढीपाडव्यापर्यंत, तेवढीच. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने एका सेमला शिकवण्याचे ९० दिवस हवेत. ते दिवस सोलापूरच्या वर्षावर मांडून बघा, म्हणजे मी जानेवारीचा एवढा धोशा का लावते ते कळेल.

जानेवारी उजाडतो तोच सिद्धेश्वर यात्रेच्या तयारीत. संक्रांतीच्या आगेमागे नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, होम मैदानावर गड्डा म्हणजे यात्रेची जत्रा भरते आणि ती पुढे कितीतरी दिवस हलत नाही. या दिवसांत अभ्यास करा असं मी कुणालाही सांगणार नाही. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं एवढा उंच नंदीध्वज तोल सांभाळत नेतात आणि अक्षता पडताना अख्खा जनसमुदाय एका आवाजात गजर करतो, हे सोलापुरात शिकायला येऊन बघितलं नाही तर काय बघितलं? जा, मनसोक्त फिरा. फक्त यात्रेचा आठवडा आखणीतून आधीच वजा करा. वर्गात हजेरी पातळ असते, मिरवणुकीच्या दिवशी रस्ते बंद असतात, रूम पार्टनरकडे पाहुणे असतात. यात्रेच्या आधीचे दिवस मात्र सोन्यासारखे असतात, कारण तेव्हा ग्रंथालयात पुस्तकं जागेवर असतात आणि सरांना वेळ असतो.

फेब्रुवारीत दुसरी अडचण येते, तिच्याबद्दल नवीन मुलांना कुणी सांगत नाही. ज्या कॉलेजात ज्युनियर कॉलेज एकाच इमारतीत आहे, तिथे बारावीची प्रॅक्टिकल आणि मग लेखी परीक्षा सुरू झाली की वर्ग, प्रयोगशाळा, बाक सगळं तिकडे जातं. २०२५ मध्ये बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी बारावी २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती. म्हणजे तारखा आता अलीकडे सरकल्यात. आपली तासिका सकाळी लवकर किंवा दुपारनंतर ढकलली जाते. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून एसटीने येणाऱ्यांचं वेळापत्रक तिथेच कोलमडतं. म्हणून जानेवारीतच विभागात जाऊन विचारा, बोर्डाच्या परीक्षेच्या काळात आपली प्रॅक्टिकल कुठे आणि किती वाजता. उत्तर लगेच मिळेलच असं नाही, तरी विचारा. चार जणांनी विचारलं की वेळापत्रक लवकर लागतं.

त्याच सुमारास आमच्याकडे ज्वारीची काढणी असते. मी मंगळवेढ्याकडची. ज्यांच्या घरी मालदांडी आहे त्यांना काढणी चुकवता येत नाही आणि चुकवूही नये, घरात माणसं कमी असतात. हे दिवस कोणते ते आईवडिलांना जानेवारीतच विचारून ठेवा आणि तेवढ्या तासिकांचा हिशेब आधीच मांडा. ७५ टक्के हजेरीची अट असते. थिअरीचे चार तास बुडाले तर वहीवरून भरून निघतात. प्रॅक्टिकलचं तसं नाही. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे ६० तास, आठवड्याला चार तास धरले तर पंधरा आठवडे. यात्रेत एक आठवडा गेला, बोर्डात एक गेला आणि काढणीला तुम्ही दोन आठवडे गेलात, की जर्नलमध्ये चार प्रयोग कोरे राहतात. ते सबमिशनच्या आठवड्यात दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवता येतील, पण व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक नेमकं तेच विचारतात. काढणीला जाण्याआधी दुसऱ्या बॅचबरोबर ते प्रयोग उरकून घ्यायची परवानगी मागा. आधी मागितली की बहुतेक सर-मॅडम देतात. नंतर मागायला गेलं की त्यांच्याही हातात काही उरत नाही.

आता अभ्यासक्रमाबद्दल. नव्या शैक्षणिक धोरणात एका सेमला साधारण २२ क्रेडिट असतात आणि ते मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम विषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला निवडीचा पेपर, कौशल्याचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, सहशालेय उपक्रम असे विखुरलेले असतात. पहिल्या वर्षी मुलं मुख्य विषयाच्या मागे लागतात आणि दोन क्रेडिटच्या छोट्या पेपरांकडे कुणी बघत नाही. माझं स्पष्ट मत आहे, छोटे पेपर फेब्रुवारी संपायच्या आत उरकावेत. त्यांचे असाइनमेंट आणि इंटर्नल सहसा आधी लागतात, अभ्यासक्रम चार-पाच बैठकींत वाचून होतो आणि गुणपत्रिकेवर त्या क्रेडिटचं वजन तेवढंच धरलं जातं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्या विषयाचा अभ्यासक्रम उतरवून त्याची प्रिंट काढा. मोबाईलमधली पीडीएफ कुणी उघडत नाही. त्या कागदावर प्रत्येक घटकासमोर तास छापलेले असतात आणि ज्या घटकाला जास्त तास त्यावर प्रश्न जास्त, एवढं धरून चाललं तरी पुष्कळ काम सोपं होतं.

ज्यांना फील्ड प्रोजेक्ट आहे त्यांनी तर जानेवारी अजिबात सोडू नये. हिप्परग्याच्या तलावावर थंडीत स्थलांतरित पक्षी येतात. प्राणिशास्त्राच्या, पर्यावरणाच्या मुलांना यासारखा विषय दुसरा नाही. पण मार्चमध्ये ऊन तापलं की पाणी मागे सरकतं, पक्षी निघून जातात आणि उरतो तो फुटलेला गाळ. फेब्रुवारीत सकाळी सातच्या आत तलावाच्या काठावर उभं राहिलं तर एका वहीत जेवढी नोंद मिळते तेवढी एप्रिलमध्ये आठवडाभर फिरून मिळणार नाही. वनस्पतिशास्त्राचंही तसंच, हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला लागणारी रानातली फुलं मार्चनंतर शोधत बसावं लागतं. वाणिज्य आणि समाजशास्त्राची पोरं यंत्रमागाच्या कारखान्यांत सर्व्हे करतात, त्यांनीही अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात आधी एकदा नुसतं भेटून यावं. तिथे तेलुगू येणारा एखादा मित्र बरोबर असला तर लोक मोकळेपणाने बोलतात, कारण विणकरांच्या घरात तीच भाषा आहे.

एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दुसऱ्या सेममध्ये ऑन जॉब ट्रेनिंग असतं, चार क्रेडिटचं, म्हणजे १२० तास. याला मी सगळ्यात जास्त वेळ द्या म्हणेन, कारण इथे तुमच्या हातात नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे समोरच्या संस्थेचं होकाराचं पत्र. विद्यापीठाकडून पत्र निघणार, ते संस्थेत पोचणार, तिथले साहेब रजेवर असणार, मग होकार येणार. केगावातच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, चिंचोळी एमआयडीसी आहे, शहरात पतसंस्था, सहकारी बँका, पॅथॉलॉजी लॅब आहेत. दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी अर्ज द्या, ईमेलवर भरवसा ठेवू नका, कागद घेऊन समोर जा. मराठीतच नीट बोला, आपला विषय काय आणि तिथे जाऊन नेमकं काय शिकायचंय हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. गेटवरच्या माणसाशी आदराने बोलणारा विद्यार्थी आत लवकर पोचतो, हे मी स्वतः पाहिलंय.

स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचे कोर्स जानेवारीत सुरू होतात. त्यातले एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींनी चालवलेले कोर्स चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. असाइनमेंटला २५ गुण आणि परीक्षेला ७५. शिकणं फुकट आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी लागते. कोर्स घेण्याआधी आपल्या विभागप्रमुखांना विचारा, याचे क्रेडिट कोणत्या पेपरच्या जागी धरणार. धरणार असतील तर बेलाशक घ्या. नाहीतर सहाव्या सेमला तरी घेऊ नका, कारण तेव्हा दुसरी धावपळ असते. बी.एड., तीन वर्षांचं एलएलबी, एमबीए यांच्या सीईटीचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षांचे अर्ज याच महिन्यांत निघतात आणि परीक्षा मार्च ते मे दरम्यान होतात. केंद्रीय विद्यापीठांची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा, सीयूईटी पीजी, मार्चमध्ये असते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी सेमच्या आखणीत सीईटीला वेगळा रकाना ठेवावा. पेपर संपल्यावर बघू म्हणणाऱ्यांचे अर्ज राहून जातात.

विषम सेमचा, म्हणजे दिवाळीच्या सुमारास दिलेल्या परीक्षेचा निकाल हमखास तुमची सम सेम चालू असताना लागतो. गुण कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि रिव्हॅल्युएशनसाठी (फेरतपासणीसाठी) मुदत थोडीच असते, त्यामुळे निकालाच्या दिवसांत कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोरून रोज जा. बॅकलॉग असेल तर त्या विषयाची वही परत काढून आठवड्यातली एक सकाळ त्याला द्या, जास्त नको. एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात ते खातं) आणि अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) यांवरचं नाव आधार कार्डाशी जुळतंय का ते आत्ताच तपासा. परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी ‘नाव मॅच होत नाही’ असं आलं की सेतू केंद्रासमोरच्या रांगेत अख्खा दिवस जातो.

पैशाचं थोडक्यात. एसटीच्या विद्यार्थी मासिक पासला ६६.६७ टक्के सवलत आहे. तासिका बंद झाल्या की पुढच्या महिन्याचा पास काढू नका, पेपरपुरतं तिकीट काढा. मुलींना तसंही २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे, तेव्हा आपला हिशेब एकदा कागदावर करून बघा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून सोडून देऊ नका, महिन्यातून एकदा लॉगिन करून तो कॉलेजच्या टेबलावर अडकलाय का ते बघा. एका वर्षाच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा एप्रिलमध्ये घरी गेलात की नवा दाखला काढायला टाका. जूनमध्ये तहसीलला पाय ठेवायला जागा नसते.

आणि मग परीक्षा. एप्रिलमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याच्या रूममध्ये दुपारी पुस्तक धरवत नाही. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, उन्हाळ्यात ते अंतर वाढतं. म्हणून मार्चमध्येच ठरवा, परीक्षेच्या काळात कुठे बसणार. पहाटे पाच ते नऊ रूमवर, दुपारी अभ्यासिकेत, संध्याकाळी गच्चीवर, हा माझा क्रम होता आणि तो उत्तम चालला. अभ्यासिकेतली पंख्याखालची जागा मार्चच्या पहिल्या आठवड्यातच भरते, त्यामुळे महिन्याची फी आधी भरून ठेवा. पाणी येण्याचा दिवस आणि पेपरचा दिवस एकत्र आला तर बॅरल भरायची पाळी आदल्या दिवशीच पार्टनरशी ठरवून घ्या. खानावळी या काळात मुलं कमी झाली की मध्येच बंद होतात. आमच्या खोलीत घरून एसटीने आलेला कडक भाकरीचा डबा आणि शेंगा चटणीची बरणी कायम असायची. कडक भाकरी पंधरा दिवस सहज टिकते, दही घेतलं की जेवण झालं. दुपारचा पेपर असेल तर कांदा खिशात घालून, डोक्याला पंचा बांधून निघा, आणि केगावचं सेंटर आलं असेल तर हायवेवर रिक्षासाठी थांबण्यात अर्धा तास जातो हे धरून निघा. हॉल तिकिटाच्या दोन प्रिंट काढा, एक बॅगेत ठेवा आणि एक पार्टनरकडे द्या.